सार्वजनिक दप्तरातील कारकीर्द

पुणे आणि बंगळूर या दोन संगणकनगरींना जोडणाऱ्या महामार्गावर कोल्हापूर वसलेले आहे, आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी कितीतरी मुले याच महामार्गाने, काही उत्तरेकडे तर काही दक्षिणेकडे, नोकरीसाठी निघून जातात. सणासुदीला ती घरी आली की, बाळ, तू नेमके करतोस तरी काय, या आजोबांच्या प्रश्नाला ‘सॉफ्टवेअर कंपनीत आहे’ यापलीकडचे उत्तर बहुधा मिळत नाही. आणि यात दोष मुलाच्या अनास्थेचा नाही की आजोबांच्या समजुतीचाही नाही, कारण ते कामच असे आहे की ते कोणाला दाखवता येत नाही. स्थापत्य अभियंत्याने बांधलेला पूल सर्वांना दिसतो, वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाच्या दप्तरी राहतो, शिक्षकाचे विद्यार्थी गावभर भेटतात. परंतु ज्याने दहा वर्षे एखाद्या कंपनीसाठी कोड लिहिला, त्याचे ते सारे लेखन कंपनीच्या मालकीचे आणि कंपनीच्याच कुलपात राहते, आणि नोकरी सोडताना त्याच्या हाती पडतो तो केवळ अनुभवाचा दाखला.

याच व्यवसायात मात्र गेली चाळीस वर्षे दुसरीही एक वहिवाट रुळलेली आहे. तिला मुक्त-स्रोत म्हणजे ओपन सोर्स असे म्हणतात. तेथे लिहिलेली प्रत्येक ओळ जगासमोर उघडी असते. ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कोणत्या हेतूने लिहिली, तिच्यावर कोणी आक्षेप घेतला आणि अखेरीस ती कोणी मंजूर केली, याची तपशीलवार नोंद कायम राहते. आणि ही नोंद कोणत्याही मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळे ती लिहिणाराची खरीखुरी मिळकत ठरते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाची कारकीर्द अशा सार्वजनिक दप्तरात कशी घडते, आणि कोल्हापूरसारख्या शहरातील तरुणाला तिचे महत्त्व एवढे का वाटावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. संगणकाचा कार्यक्रम म्हणजे प्रोग्रॅम दोन रूपांत असतो: एक, माणसाने लिहिलेले आणि माणसाला वाचता येणारे रूप; दुसरे, त्यावरून तयार होणारे, केवळ यंत्राला कळणारे रूप. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील फाउंड्रीतून गिऱ्हाइकाच्या हाती ओतीव भाग पडतो, पण त्याचा पॅटर्न कारखान्यातच राहतो. त्याचप्रमाणे आपण विकत घेतो ते सॉफ्टवेअर बहुधा या दुसऱ्या रूपातले असते, ते चालवता येते, पण त्यात काय आहे हे पाहता येत नाही, आणि बिघडले तर दुरुस्तही करता येत नाही. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांना ही अवस्था अन्यायाची वाटली, आणि 27 सप्टेंबर 1983 रोजी त्यांनी ग्नू नावाची संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. 1989 मध्ये त्यांनी त्यासाठी एक परवाना सिद्ध केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याचा अभ्यास करावा, ते बदलावे, वाटावे, मात्र पुढे वाटताना हेच हक्क पुढच्या माणसालाही द्यावेत, असा त्या सनदेचा आशय. पुढे 1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून लिहीत असलेल्या एका प्रणालीची वार्ता जगाला दिली आणि थोड्याच काळात ती याच परवान्याखाली खुली केली. ती लिनक्स होय. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तीच आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक 2017 पासून तिच्यावरच चालतो.

यंत्र उघडून पाहण्याची आणि पाहिलेले दुसऱ्याला शिकवण्याची ही वृत्ती कोल्हापूरच्या मातीला परकी नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चलच्चित्राचा कॅमेरा परदेशातून विकत आणण्याची ऐपत नसताना, हाती असलेल्या यंत्रांचा अभ्यास करून तो स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव निवर्तले तरी बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा तडीस नेला, आणि त्याच्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट उभे राहिले. त्या कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम जे शिकले, त्यातूनच 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी जन्माला आली. विद्या एका कारखान्यात कोंडून न राहता ती शिकलेल्या माणसांबरोबर पुढे गेली म्हणूनच मराठी चित्रपटाचा एवढा विस्तार झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुक्त-स्रोताचा विचार भारतात ज्यांनी घराघरांत पोचवला, त्यांपैकी एक अग्रणी पुरुष कोल्हापूरपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, बेळगावात वाढला. अतुल चिटणीस यांचा जन्म 20 फेब्रुवारी 1962 रोजी बर्लिन येथे झाला. वडील भारतीय, आई जर्मन. त्यांची जडणघडण मात्र बेळगावची. पुढे बंगळूरला स्थायिक होऊन त्यांनी दूरसंचार आणि मोडेम यांच्या क्षेत्रात काम केले, आणि या देशात सामान्य माणसाला इंटरनेट ठाऊकही नव्हते त्या काळात दूरध्वनीच्या तारेवरून संगणकांनी एकमेकांशी बोलावे यासाठी CiX नावाची एक सेवा चालवली. त्यांच्या कार्याचा सर्वांत दूरगामी भाग मात्र 1996 चा. ‘पीसीक्वेस्ट’ या संगणकविषयक मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी वाचकांना देण्याचा उपक्रम त्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला.

या घटनेचे मोल आजच्या वाचकाला सहज उमगणार नाही, म्हणून थोडा हिशोब मांडतो. सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले, तेही मोजक्या महानगरांत, आणि त्याचा वेग सेकंदाला 9,600 बिट एवढाच होता. एका तबकडीत मावणारा सुमारे 650 मेगाबाइटचा मजकूर त्या वेगाने उतरवून घ्यावयाचा तर अहोरात्र, एकदाही तार न तुटता, सहा दिवसांहून अधिक काळ लागला असता. म्हणजे लिनक्स सर्वांसाठी मुक्त होती, पण ती बेळगाव-कोल्हापुरातील विद्यार्थ्याच्या हाती येण्याची वाट मात्र बंद होती. मासिकाच्या किमतीत घरपोच येणाऱ्या तबकडीने ती उघडली. पुढे 2001 मध्ये चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरात लिनक्सचा वार्षिक मेळावा भरवण्यास प्रारंभ केला. 2005 पासून तो फॉस डॉट इन या नावाने ओळखला जाऊ लागला आणि 2012 पर्यंत चालला. मेळावा मोठा होत गेला तसतसा चिटणीसांचा आग्रहही बदलत गेला. आपल्या देशात मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे उदंड झाले, आता लिहिणारे निर्माण झाले पाहिजेत, ही त्यांची धारणा दृढ झाली, आणि मेळाव्याचे स्वरूप त्यांनी व्याख्यानांकडून प्रत्यक्ष कामाकडे वळवले. 3 जून 2013 रोजी, वयाच्या 51 व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. घेणारा आणि देणारा यांतील जो भेद त्यांनी वर्षानुवर्षे तळमळीने सांगितला, तोच या विषयाचा गाभा आहे.

देणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पोस्टग्रेस हा माहितीसाठा सांभाळणारा मुक्त कार्यक्रम जगभरच्या असंख्य संस्था वापरतात. त्यात एखादी नोंद बदलली की जुनी नोंद तत्काळ पुसली जात नाही. त्याच क्षणी ती दुसरा कोणी वाचत असेल म्हणून ती तशीच ठेवून नवी आवृत्ती शेजारी लिहिली जाते. समजा, एका दूध संस्थेच्या खातेदारांचा तक्ता आहे, आणि नाव, गाव व सभासद क्रमांक यांवरून शोध जलद लागावा म्हणून त्याच्या तीन सूची केलेल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध घातले की बदलते ती फक्त जमा रक्कम. नाव, गाव, क्रमांक जागच्या जागी असतात. तरीही पूर्वी प्रत्येक बदलागणिक तिन्ही सूचींत नवी नोंद करावी लागे, आणि जुन्या, निकामी आवृत्त्यांचा ढीग मोठी सफाई होईपर्यंत साचत राही. पुण्यात काम करणारे पवन देवलसी यांनी यावर तोड काढली: ज्या रकान्यांवर सूची आहे त्यांपैकी एकही बदललेला नसेल आणि 8 किलोबाइटच्या त्याच पानावर जागा शिल्लक असेल, तर नवी आवृत्ती तेथेच लिहून जुनीशी जोडावी, सूचींना हात लावू नये, आणि निकामी आवृत्त्या त्या पानाच्या रोजच्या वापरातच छाटून टाकाव्यात.

कल्पना चार वाक्यांत सांगता येते. ती स्वीकारली जाण्यास मात्र महिनोन्‌महिने लागले. मसुद्यामागून मसुदे सादर झाले, निरनिराळ्या देशांतील जाणकारांनी त्यांतील उणिवा दाखवल्या, सूचना केल्या, काही भाग पुन्हा लिहिले गेले, आणि सप्टेंबर 2007 मध्ये टॉम लेन या ज्येष्ठ अभियंत्याने ते काम मूळ कार्यक्रमात दाखल करून घेतले. 4 फेब्रुवारी 2008 रोजी प्रसिद्ध झालेल्या 8.3 या आवृत्तीच्या टिपणात, इतर अनेकांच्या कल्पनांच्या उल्लेखासह, देवलसी यांचे नाव नोंदलेले आहे. त्यानंतर त्यांनी कोणती नोकरी धरली वा सोडली, तरी त्या नोंदीला बाध येत नाही. आणि कोल्हापुरातील एखादा विद्यार्थी आजही ते सारे काम, त्यावरील आक्षेपांसह, ओळीओळीने वाचू शकतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात न मिळणारे हे शिक्षण आहे, कारण पाठ्यपुस्तकात सिद्धांत तयार होऊन येतो, येथे तो घडताना दिसतो.

अशा कामाचा शिरस्ता सर्वत्र साधारण सारखाच असतो. कार्यक्रमात दोष म्हणजे बग आढळला की प्रथम त्याची रीतसर नोंद करावयाची: काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले. मग मूळ कोडची प्रत आपल्या संगणकावर घ्यावयाची, त्यात दुरुस्ती करावयाची, ती दुरुस्ती दुसरे काही बिघडवत नाही याची चाचणी घ्यावयाची, आणि ‘ही दुरुस्ती स्वीकारावी’ अशी विनंती रुजू करावयाची. हिलाच पुल रिक्वेस्ट म्हणतात. त्या कार्यक्रमाची जबाबदारी वाहणारा मेंटेनर ती तपासतो, शंका विचारतो, बदल सुचवतो, आणि पटल्यास मंजूर करतो. हे बदल सांभाळण्यासाठी बहुतेक सर्वजण जे गिट नावाचे साधन वापरतात तेही टॉरवाल्ड्स यांनीच 2005 मध्ये लिहिले, आणि प्रत्येक फेरफारामागे नाव, वेळ व कारण यांची नोंद ते ठेवते. येथे पदवी कोणत्या महाविद्यालयाची, गाव कोणते, शिफारस कोणाची, हे कोणी विचारीत नाही. तथापि लिहिलेले तपासणीस उतरले पाहिजे, या अटीत सवलतही मिळत नाही.

आपल्या भाषेपुरता विचार केला तर या कामाची निकड अधिकच जाणवते. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी लिपीला 1991 मध्ये स्थान मिळाले, परंतु ‘ॲ’ हे अक्षर, जे ॲडव्होकेटपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत मराठी माणूस रोज लिहितो, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो थेट 2008 मध्ये. क्रमांक मिळाला म्हणून अक्षर दिसू लागत नाही. प्रत्येक फॉन्टमध्ये कोणीतरी त्याची आकृती घालावी लागते. बंद फॉन्ट असेल तर मालक कंपनी मनावर घेईपर्यंत थांबावयाचे, आणि त्या जागी रिकामा चौकोन पाहावयाचा. मुक्त फॉन्ट असेल तर ज्याला गरज आणि कौशल्य आहे त्याने ती आकृती रेखावी आणि सर्वांना द्यावी. हीच गोष्ट मराठीच्या पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ची. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व वर्णलिपी निश्चित केली. पण शासननिर्णयाने कागदावरचा वळणदार ‘ल’ संगणकाच्या पडद्यावर उतरत नाही. फॉन्टच्या आत ‘मजकूर मराठी असेल तर ही आकृती वापर’ अशी आज्ञा कोणीतरी लिहावी लागते.

विख्यात सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोचला, आणि संगणकावरील देवनागरीवर त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्याची मालकी मायक्रोसॉफ्टची असल्यामुळे त्यात भर घालण्याची मुभा इतरांना नाही. याउलट लोहित या फॉन्टकुलाची मूळ अक्षरे पुण्यात घडली, रेड हॅट या कंपनीने ती 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना दिली, आणि त्यानंतर त्यांत दुरुस्त्या होत राहिल्या. प्रारंभी मराठीसाठी वेगळा असलेला फॉन्ट पुढे लोहित देवनागरीत विलीन करण्यात आला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्टही अशाच परवान्याखाली सर्वांना उपलब्ध आहेत. आज एखादा ग्रामीण साप्ताहिकाचा संपादक एक पैसाही न देता सुबक मराठी छापू शकतो, त्यामागे अशा माणसांचे कष्ट आहेत ज्यांची नावे तो जाणत नाही. ही नावे जाणून घेणे, आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी नवी नावे निर्माण होणे, ही भाषेच्या अभिमानाची खरी कसोटी होय, असे मला वाटते.

आता पोटापाण्याचा प्रश्न. सर्व काही फुकट वाटले तर लिहिणाराने खावे काय, ही शंका रास्त आहे. वस्तुतः आज मुक्त-स्रोतातील मोठमोठ्या कार्यक्रमांवर काम करणारे बहुसंख्य अभियंते पगारी आहेत. ज्या कंपन्यांचा धंदा लिनक्सवर वा पोस्टग्रेसवर उभा आहे, त्याच त्यांना पगार देतात, कारण पाया खचला तर इमारत कोणाचीच राहत नाही. विद्यार्थ्यांसाठी 2005 पासून गुगल समर ऑफ कोडसारखे उपक्रम आहेत, ज्यांत उन्हाळ्याच्या काही महिन्यांत एखाद्या मुक्त प्रकल्पावर अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करून विद्यावेतन मिळवता येते. नोकरीच्या मुलाखतीतही ‘मला हे येते’ या विधानापेक्षा ‘मी हे केले आहे, पाहा’ या पुराव्याचे वजन अधिक असते.

परंतु सर्वांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही, आणि हे लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2024 चे एक्सझेड प्रकरण याची साक्ष देते. फाइली आकुंचित करणारे हे छोटे साधन असंख्य लिनक्स संगणकांत वापरले जाते, आणि ते फिनलंडमधील एक स्वयंसेवक वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळीत होता. तो थकला होता. ‘जिया तान’ असे नाव धारण केलेल्या कोणा इसमाने मदतीच्या मिषाने दोनेक वर्षे चांगले काम करून त्याचा विश्वास संपादन केला, आणि अधिकार हाती आल्यावर त्यात दूरवरून घुसखोरी करता येईल असा चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवरच काम करणारे अभियंते. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढ्याशा विसंगतीवरून त्यांनी माग काढला, आणि 29 मार्च 2024 रोजी सारा प्रकार उघडकीस आणला. कोड उघडा होता म्हणून चोरी सापडली, हे खरे. पण राखणारा एकटा आणि उपेक्षित होता म्हणून ती शक्य झाली, हेही तितकेच खरे. जे सर्वांचे आहे त्याची जबाबदारी कोणाचीच नाही असे मानण्याची सवय जगाला लागली की असे व्हावयाचेच.

कोल्हापूर जिल्ह्याला हे पटवून देण्यासाठी फार शब्द खर्च करावे लागू नयेत. 1963 मध्ये स्थापन झालेला जिल्हा दूध संघ असो वा वारणेचा साखर कारखाना, अनेकांनी थोडे थोडे घालून सर्वांचे काही उभे करणे आणि त्याचा हिशोब सभासदांसमोर मांडणे, हे या भागाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 1998 मध्ये वारणा परिसरातील सुमारे 70 गावे संगणकांनी जोडण्याचा प्रयोग झाला तोही याच सहकाराच्या पायावर. आपल्या पतसंस्था, कारखाने आणि महाविद्यालये यांचा कारभार आज जेथे जेथे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, तेथे त्या संस्थांनी आपल्या संगणक विभागातील माणसांना आठवड्यातील काही तास त्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठी द्यावेत, आणि जमेल त्यांनी वार्षिक अंदाजपत्रकात त्यासाठी अल्पशी तरतूद करावी. हा दानधर्म नव्हे, स्वतःच्याच घराची देखभाल आहे.

महाविद्यालयांकडूनही एक अपेक्षा आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दरसाल त्याच त्या ग्रंथालयाच्या नोंदवह्या आणि हजेरीपट लिहिले जातात, परीक्षा होते, आणि ते काम पुन्हा कोणी उघडत नाही. त्याऐवजी एखाद्या चालत्या मुक्त प्रकल्पातील खरी अडचण घेऊन, परक्या जाणकारांच्या तपासणीस उतरलेली दुरुस्ती ही प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावी. मूल्यमापन अवघड होईल, पण ते खरे होईल. विद्यार्थ्यांनीही केवळ नाव लागावे म्हणून एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करून विनंत्यांचा भडिमार करू नये. त्याने मेंटेनरचा वेळ जातो आणि आपली पतही. लहान काम चालेल, पण ते कोणाच्या तरी उपयोगाचे हवे: मराठी भाषांतरातील एखादी चूक, ‘तिसऱ्या’सारख्या शब्दातील अर्ध्या ‘र’ची बिघडलेली आकृती, पहिल्यांदा वापरणाऱ्याला न समजणारी एखादी सूचना.

यासाठी महामार्ग धरण्याची सक्ती नाही. ज्याला पुण्याला वा बंगळूरला जावयाचे आहे त्याने खुशाल जावे, पण जो कोल्हापुरातच राहील त्याच्यासाठीही त्या दप्तरात तेवढीच जागा आहे, आणि तेथील नोंदीचे मोल गाव पाहून ठरत नाही. चिटणीसांनी देशाला लिनक्स दिली तेव्हा ती हाती येणे हीच अडचण होती; ती कधीच दूर झाली. आता अडचण उरली आहे ती घेणाऱ्याने देणारा होण्याची, आणि ती ज्याची त्यानेच दूर करावयाची आहे.